स्थानिक काय, तर फक्त पाणी!

गेल्या हिवाळ्यात कामानिमित्त पुण्यास जाणे झाले. भाचा तेथे संगणक क्षेत्रातील एका कंपनीत नोकरीस आहे. पाटोदा तालुक्यातील कोरडवाहू शेती, पाऊस गेला की आईवडिलांनी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांची वाट धरायची, आजीने नातवंडे सांभाळायची, अशा घरातून हा मुलगा वर आला. त्याचे कौतुक सर्व गावाला आहे, तसे मलाही आहे. "मामा, आज रात्री तुम्ही आमच्याबरोबर जेवायला चला, एकदम वेगळं काही तरी खाऊ घालतो," असे त्याने म्हटल्यावर नाही म्हणवेना.

जागा झगझगीत होती. काचेच्या भिंतीपलीकडे पोलादी टाक्या ओळीने उभ्या होत्या. त्यात बीअर तयार होते आणि तेथल्या तेथे ग्लासात येते, असे कळले. भाच्याचे चार-पाच मित्र आधीच येऊन बसले होते. सगळे मराठी, त्यांतील दोघे आपल्याच मराठवाड्यातले. माझ्या आदरापोटी भाच्याच्या ग्लासात त्या दिवशी लिंबाचे सरबत होते. बाकीच्यांच्या ग्लासांत काय होते ते सांगावयास नको.

पुढचा तास-दीड तास मी केवळ ऐकत होतो. कोणत्या ठिकाणी गव्हाची बीअर किती रुपयांना मिळते, कोठे सायंकाळी लवकर गेल्यास सवलत असते, कोठे गेल्या वर्षापासून ग्लासामागे पन्नास रुपये वाढले, अशी चर्चा रंगली होती. मग विषय निघाला बुरितोचा. गव्हाच्या पातळ पोळीत भात, घेवडा, भाजी, चटण्या घालून गुंडाळी करावयाची, असा हा मेक्सिकोचा पदार्थ. कोणाची पोळी मऊ, कोणाच्या घेवड्याला चव, कोणत्या चौकातला बुरितो पैसे वसूल करून देतो, यावर त्या मंडळींत जो वाद झाला, तसा वाद आमच्याकडे फक्त कीर्तनकारांच्या गुणदोषांवर होतो. एक शब्द मात्र वारंवार कानांवर पडत होता. 'लोकल'. ही बीअर लोकल आहे, बाटलीतल्या कंपनीच्या बीअरसारखी नाही, म्हणून ती महाग असली तरी तिला पैसे द्यावेत. स्थानिकाला उत्तेजन दिले पाहिजे!

स्थानिकाला उत्तेजन! स्वदेशीचा मंत्र आम्ही आयुष्यभर सांगत आलो. तो अखेर येथे, या ग्लासाच्या काठावर उमटलेला पाहून क्षणभर बरे वाटले. बिल आले. बीअरचा एकेक ग्लास चारशेच्या घरात, बुरितो साडेतीनशेच्या. रात्री झोप लागेना. जे स्थानिक म्हणून विकले जात होते, त्यात स्थानिक नेमके काय होते, हा प्रश्न डोक्यातून जाईना.

चार जिन्नस, चार गावे

बीअर ही मुळात चार जिन्नसांची. जव, हॉप नावाच्या वेलीची फुले, किण्व आणि पाणी. जवाला मोड आणून ते वाळवतात, भाजतात. त्याला माल्ट म्हणतात. तो भरडून गरम पाण्यात भिजवला की गोडसर रस उतरतो. त्यात हॉपची फुले घालून तो उकळतात, निववतात, किण्व मिसळतात आणि काही दिवस आंबू देतात. शास्त्र सोपे आहे आणि फार जुने आहे.

आता हे जिन्नस येतात कोठून? शहरांतील या छोट्या भट्ट्यांचा चोखंदळ माल्ट बव्हंशी जर्मनी, बेल्जियम, इंग्लंड येथून येतो. हॉप येते जर्मनीहून वा अमेरिकेहून. आपल्या हवेत ही वेल फारशी रुजत नाही. किण्वाची पाकिटेही बहुधा परदेशी. टाक्या पोलादाच्या, त्याही कित्येकदा बाहेरून आणलेल्या. राहता राहिले पाणी. बीअरचे शेकडा नव्वदाहून अधिक वजन पाण्याचेच असते आणि ते मात्र जहाजाने आणणे परवडत नाही. ते आपल्याच धरणाचे, आपल्याच नळाचे. तात्पर्य, या स्थानिक पेयात स्थानिक काय, तर फक्त पाणी!

नावांचेही तसेच. महाराष्ट्रात अशा छोट्या भट्टीची सुरुवात २००९ साली पुण्यात झाली. तिने नाव घेतले 'डूलाली'. या शब्दाची कथा मोठी बोलकी आहे. नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी छावणीत मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे शिपाई महिनोन्‌महिने पडून राहत. उन्हाने, तापाने, रिकामपणाने त्यांतील काही भ्रमिष्ट होत. त्यावरून इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे डोके फिरलेला, असा शब्द रूढ झाला. नाव ठेवणाऱ्यांनी ते गमतीने ठेवले असेल. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. पण आपलेच देवळाली साहेबाच्या तोंडून वाकडे होऊन परत आल्यावर आपल्याला गोड लागावे, ही आपल्या आजच्या सुशिक्षित मनाची अवस्था आहे. देवळालीचे झाले तेच भाकरीचे झाले. त्याकडे पुढे वळू. आधी पाण्याचा हिशोब.

ग्लासातले पाणी कोणाचे?

पुण्यातील त्या भट्टीचे पाणी पुण्याचे. त्यावर बीडच्या माणसाने का बोलावे, असे कोणी म्हणेल. पण बीअरची आवड अशी चौकात उभी राहून थांबत नाही. पुण्यात ग्लास परवडला नाही तर गावाकडे बाटली आहेच. आज बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी वाचनालय शोधावे लागेल, पण 'बीअर शॉपी'ची पाटी सापडेल. त्या बाटलीतले पाणी बहुतांशी मराठवाड्याचे आहे. देशातील मोठ्या बीअर कंपन्यांचे कारखाने छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत आहेत आणि त्या वसाहतींना पाणी मिळते ते जायकवाडीच्या नाथसागरातून. त्याच नाथसागराचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातून माजलगावच्या जलाशयाकडे येतो. म्हणजे धरण एकच. एका तोंडाने ते गेवराई-माजलगावच्या शिवारात येते, दुसऱ्या तोंडाने बाटलीत भरले जाते. या मोठ्या कारखान्यांचे जव राजस्थान-हरियाणाकडचे असते, मराठवाड्यात कोणी बीअरसाठी जव पेरीत नाही. येथेही स्थानिक काय, तर फक्त पाणी!

२०१६ चा उन्हाळा आठवा. जायकवाडीतील उपयुक्त साठा संपला होता, मृतसाठ्यातून उपसा चालू होता. आमच्या केज तालुक्यात धनेगावला असलेले मांजरा धरण कोरडे पडले होते. त्यावर तहान भागवणाऱ्या लातूर शहराला त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. बीड जिल्ह्यात जनावरे छावणीत, माणसे टँकरमागे आणि लेकरे हंड्यांच्या रांगेत होती. बीअरचे कारखाने त्याही उन्हाळ्यात चालू होते. उन्हाळा हा तर त्यांचा सुगीचा काळ! अखेर एप्रिल २०१६ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांचे पाणी आधी निम्म्याने आणि मेमध्ये साठ टक्क्यांनी तोडण्याचा आदेश दिला. त्याच महिन्यात मैदानांवरील पाण्याच्या प्रश्नावरून मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे सामनेही महाराष्ट्राबाहेर हलवावयास लावले.

न्यायालयाचे आभार मानावेत तेवढे थोडेच. परंतु माणसाला प्यावयास पाणी नसताना बीअरचे पाणी कमी करावे, एवढी साधी गोष्ट सांगण्यासाठी न्यायासनापर्यंत जावे लागते, ही कोणत्या राज्याची शोभा? २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर दुसरा क्रम उद्योगाला दिला होता आणि शेती तिसऱ्या पाटावर बसवली होती. ती चूक उमगून शेतीला पुन्हा दुसरे स्थान मिळावयास २०११ साल उजाडावे लागले. कागदावरचा क्रम सुधारला; नळावरचा सुधारला की नाही, ते २०१६ ने दाखवून दिले.

बीअरचा कारखाना एक लिटर बीअर काढावयास फक्त एक लिटर पाणी घेत नाही. धुणे, उकळणे, निववणे, बाटल्या विसळणे हे सर्व धरून आधुनिक मोठा कारखानाही तीन-चार लिटर घेतो. छोट्या भट्ट्यांचा हिशोब त्याहून मोठा असतो. म्हणजे टेबलावर अर्ध्या लिटरचा ग्लास येतो, तेव्हा त्यामागे दोन लिटर पाणी तरी गेलेले असते. टँकरच्या गावात माणशी वीस लिटरांचा हिशोब धरतात. टेबलावरच्या दहा ग्लासांत एका माणसाचा दिवस बुडालेला असतो.

भाकरीची गुंडाळी

आता बुरितो. मेक्सिकोच्या लोकांची किंवा त्यांच्या अन्नाची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. उलट त्यांच्यापासून आपण पुष्कळ घेतले आहे. आपल्या ठेच्यातली मिरची मूळची त्या खंडातली. पोर्तुगीजांबरोबर ती आली आणि आपल्या जिभेची कायमची झाली. मका तिकडचा, टोमॅटो तिकडचा. चांगले ते कोठूनही यावे, हे आपल्या पूर्वजांनी कधी नाकारले नाही.

पण बुरितो आहे काय? उत्तर मेक्सिकोत, जेथे स्पॅनिश लोकांनी आणलेला गहू पिकू लागला, तेथल्या कष्टकऱ्याची ती शिदोरी. शब्दाचा अर्थ 'छोटे गाढव'. शेतावर, गुरांमागे, खाणीत जाणाऱ्या माणसाने पोळीत घेवडा गुंडाळावा, फडक्यात बांधावा आणि उन्हात सावली सापडेल तेथे उभ्या-उभ्या खावा, असे हे अन्न. वाचकहो, हे वर्णन आपण कोठे तरी पाहिले आहे ना? पहाटे तीन वाजता, कारखान्याच्या फडात, कोपीच्या दारात चूल पेटवून बाजरीच्या भाकऱ्या थापणारी, त्यांवर ठेचा किंवा कोरडे बेसन घालून फडक्यात गुंडाळणारी आणि मग कोयता उचलणारी बीडची बाई आपण पाहिलेली आहे. भाच्याची आई तीच आहे. तिने बांधलेली ती गुंडाळी खाऊन हा मुलगा शिकला. तिला इंग्रजी नाव नव्हते, म्हणून तिला चौकात दुकान मिळाले नाही. साडेतीनशे रुपये तर फार लांबची गोष्ट; तिचा डबा वसतिगृहात उघडताना आपल्या पोरांना संकोच वाटू लागला.

पिकते तेथे विकत नाही, ही म्हण आपण सहज म्हणून जातो. तिचा हिशोब मांडून पाहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये ठरवला, बाजरीचा २,७७५ रुपये. म्हणजे मालदांडी किलोला साडेसदतीस रुपये, तीही हमीभावाने कोणी घेतली तर. चारशे रुपयांच्या एका ग्लासात दहा किलोंहून अधिक मालदांडी बसते. एका घराच्या आठवड्याच्या भाकऱ्या! त्याच २०२५-२६ सालासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी ठरली दिवसाला ३१२ रुपये. उन्हात दिवसभर माती उपसणारी बाई संध्याकाळी त्या ग्लासाच्या तोंडापर्यंतही पोचत नाही.

शेतकऱ्याने यातून काय शिकावे? तो शिकला. ज्वारीचे क्षेत्र सोडून तो सोयाबीन आणि कापसाकडे वळला. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी दावणीची जनावरे गेली, जनावरे गेली तसे शेणखत गेले. एका पिकाच्या भावात एक सबंध घर उभे असते, हे शहरातील खाणाऱ्याला दिसत नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर सुकडी आणि अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढलेली पिढी आमच्या घरात होती. त्या मिलोची चव सांगताना वडिलांचे तोंड वाकडे होई. परदेशी जोंधळ्याची लाचारी भोगलेला हा प्रदेश स्वतःचा पांढराशुभ्र जोंधळा पिकवून पुन्हा उभा राहिला. त्याच प्रदेशाची मुले आज तो जोंधळा सोडून दुसऱ्याच्या शिदोरीची चव घेण्यासाठी रांगेत उभी आहेत.

२०२३ हे वर्ष भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. 'श्रीअन्न' हा सुंदर शब्द त्या निमित्ताने देशाला मिळाला. सरकारने आपले काम केले; समाजाने काय केले? ज्वारीला किंमत येऊ शकत नाही असेही नाही. थंडीत शहरातील मंडळी हुरड्यासाठी आपल्या शिवारात येतात आणि माणशी काही शे रुपये आनंदाने मोजतात. कणीस तेच, शेत तेच. फक्त खाणाऱ्याच्या मनातील त्याची जागा बदललेली असते. किंमत आधी मनात ठरते आणि नंतर फळ्यावर लिहिली जाते.

मेक्सिकोकडून घ्यावयाचे ते हे

बुरितो खाणाऱ्या आपल्या तरुणांनी मेक्सिकोकडून गुंडाळी तेवढी घेतली. त्या देशाने आपले धान्य आणि आपले पाणी कसे जपले, ते मात्र घेतले नाही. जानेवारी २००७ मध्ये मक्याच्या पोळीचा भाव भडकला तेव्हा मेक्सिको शहरात हजारो लोक रस्त्यावर उतरले. 'मका नाही तर देश नाही' ही त्या देशातील चळवळीची घोषणा झाली. २०१० मध्ये मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. मार्च २०२५ मध्ये त्या देशाने जनुकीय बदल केलेल्या मक्याच्या लागवडीवरील बंदी थेट राज्यघटनेत लिहिली. आपल्या भाकरीसाठी संविधानात दुरुस्ती करणारा देश!

आणि बीअरचे काय? ज्या उत्तर मेक्सिकोत बुरितो जन्मला, तेथेच मेहिकाली नावाचे शहर आहे. अमेरिकेच्या सीमेलगत, ओसाड वाळवंटी प्रदेशात. शेतीला आणि प्यावयाला आधार काय तो कोलोरॅडो नदीच्या पाण्याचा. एका बड्या अमेरिकी कंपनीने तेथे अब्जावधी रुपयांचा बीअरचा कारखाना उभारावयास घेतला. माल अमेरिकेत जाणार आणि पाणी मात्र मेहिकालीचे. शेतकरी बिथरले. आंदोलने झाली. अखेर २१ आणि २२ मार्च २०२० रोजी लोकांचा कौल घेण्यात आला. मतदान थोडे झाले हे खरे, पण मत देणाऱ्यांपैकी शेकडा ७६ जणांनी कारखान्याला नकार दिला. बांधकाम बरेच पुढे गेलेले असतानाही सरकारने तो प्रकल्प थांबवला. पुढे २०२२ मध्ये माँतेरे शहरात पाण्याची भीषण टंचाई झाली, तेव्हा त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांनीच उत्तरेकडील कोरड्या भागात बीअरचे उत्पादन वाढू नये, पाणी असलेल्या दक्षिणेत ते न्यावे, अशी उघड भूमिका घेतली.

मेहिकालीत कोणी बीअरला पाप म्हटले नाही. त्या देशात बीअर घरोघर पितात. प्रश्न एवढाच विचारला गेला, की पाणी कोणाचे आणि ते कोणाला द्यावयाचे हे ठरवणार कोण. हा प्रश्न मराठवाड्यात लोकांना कोणी कधी विचारला?

आक्षेपांना उत्तरे

या विवेचनावर काही आक्षेप येतील, याची जाणीव आहे. पहिला आक्षेप उसाचा. बीअरचे पाणी ते किती, ऊस त्याच्या कित्येक पट पितो, असे म्हटले जाते. ते सत्य आहे. ऊसतोड मजुरांच्या जिल्ह्यात राहून उसाची तहान मी नाकारू शकत नाही आणि तिचाही हिशोब व्हावयास हवा. परंतु एका घरात मोठी चोरी झाली म्हणून छोटी चोरी दान ठरत नाही. शिवाय उसामागे निदान या मातीतला शेतकरी उभा आहे.

दुसरा आक्षेप महसुलाचा. दारूच्या करावर राज्याचा गाडा चालतो, असे सांगतात. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राने मद्यावरील कर वाढवला. त्यातून वर्षाला सुमारे चौदा हजार कोटी रुपये अधिक येतील असा अंदाज सांगण्यात आला. देशी, विदेशी, सर्व बाटल्या महागल्या. त्या वाढीतून बीअर आणि वाइन मात्र वगळण्यात आल्या. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये बीअरचा खप घटतो आहे म्हणून तिच्यावरील कराचा अभ्यास करण्यासाठी सरकारने गट नेमला होता. बीअरचा खप घटला तर समिती बसते. ज्वारीचा पेरा घटला तर कोण बसतो? भारताच्या संविधानाच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदात मादक पेयांचा खप बंद करण्याचा प्रयत्न हे राज्याचे कर्तव्य सांगितले आहे. त्याच अनुच्छेदात लोकांचे पोषणमान उंचावणे हेही कर्तव्य सांगितले आहे. एकाच ओळीत सांगितलेल्या दोन कर्तव्यांपैकी एकही पुरते पार न पडावे आणि दोन्हींच्या विरुद्ध दिशेला महसुलाचा बाण असावा, हे कसे?

तिसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. कमावत्या तरुणाने काय खावे-प्यावे हे तुम्ही कोण सांगणार? मान्य. कोणाच्या ताटावर पहारा बसवावा, असे मी म्हणत नाही. बंदीचे काय होते तेही आपण पाहिले आहे; चंद्रपूरची २०१५ ची दारूबंदी २०२१ मध्ये उठली. मद्य परदेशी आहे म्हणून वाईट, असाही माझा दावा नाही. शिंदी आणि मोह आपल्याच मातीतले आहेत आणि त्यांनी उद्ध्वस्त केलेले संसारही आपलेच आहेत. पण 'स्थानिकाला उत्तेजन' हे शब्द ज्याने उच्चारले, त्याला त्या शब्दांचा हिशोब विचारण्याचा अधिकार प्रत्येक स्थानिकाला आहे. आणि बीडचा शेतकरी या राज्यात स्थानिक नसेल, तर कोण आहे?

आडवी बाटली आणि पाणी

मेहिकालीसारखा कौल आपल्याला अपरिचित आहे असे नाही. महाराष्ट्रातील मायबहिणींनी तो कित्येक गावांत घेऊन दाखवला आहे. गावातील पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की दारूच्या दुकानासाठी मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून अधिक महिलांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. जगातील कोणत्याही लोकशाहीला शोभेल असा हा अधिकार आपल्याकडे आहे. पण तो फक्त दुकानापुरता. ज्या पाण्यातून ती बाटली भरली जाते, त्या पाण्याबाबत लाभक्षेत्रातील एकाही ग्रामसभेला तोंड उघडण्याचा अधिकार नाही.

म्हणून मागणी साधी आहे. ज्या वर्षी धरणाच्या लाभक्षेत्रातील गावांत टँकर सुरू होतील, त्या वर्षी मद्यनिर्मितीच्या पाण्याची कपात आपोआप लागू व्हावी. तिच्यासाठी कोणाला न्यायालयाची पायरी चढावी लागू नये. मद्याच्या कारखान्याला पाण्याचा नवा कोटा द्यावयाचा तर त्या धरणाच्या लाभक्षेत्रातील ग्रामसभांचा कौल घ्यावा. आणि ज्वारी-बाजरीची हमीभावाने खरेदी करून ती आश्रमशाळांच्या, वसतिगृहांच्या ताटात यावी, म्हणजे बीडचे लेकरू भाकरीची लाज शिकून पुण्यास जाणार नाही.

यांतील दोन गोष्टी सरकारच्या हाती आहेत, तिसरी निम्मी आपल्या. पुण्या-मुंबईत मराठवाड्याचे हजारो तरुण आज चांगले कमावतात. त्यांतील कोणी भाकरीची अशी गुंडाळी चौकात मांडावी, तिला पिठले, ठेचा, येसर, शेंगदाण्याची चटणी यांची जोड द्यावी, योग्य दाम घ्यावा आणि त्या दामातील वाटा पाटोद्याच्या, आष्टीच्या, केजच्या शेतापर्यंत पोचवावा. तेव्हा 'लोकल' या शब्दाला मी स्वतः दाद देईन आणि रांगेत उभा राहीन.

दुसऱ्या दिवशी निघताना भाच्याला मी एवढेच विचारले, "बाळा, कालच्या त्या बुरितोत आणि तुझ्या आईच्या गुंडाळीत फरक काय रे?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, आईची गुंडाळी कधी मोजून बघितलीच नाही." मग खाली मान घालून त्याने माझी पिशवी उचलली आणि बसपर्यंत आणून दिली.

तो हिशोब आता मांडावयास हवा. भाकरी मोजली नाही म्हणून ती फुकट ठरली. पाणी मोजले नाही म्हणून ते वाहून गेले. यापुढे कोणी आपल्यासमोर ग्लास ठेवून तो स्थानिक आहे असे सांगेल, तेव्हा त्याला विचारावे, यातले धान्य कोणाच्या शेतातले आणि पाणी कोणाच्या हंड्यातले? उत्तर मिळेपर्यंत ग्लास टेबलावरच राहू द्यावा.